पुस्तिका हातात होती, तरी आरती अडली: पाठ म्हणण्याबद्दल

सुरंगी

यंदा चवथीला आमच्या मूळ घरी आरती मधेच अडली.

घर गोव्यात, फोंडा तालुक्यात. चवथीला पस्तीसेक माणसं जमतात. माटोळी (देवावरचा फळापानांचा मांडव) दरवर्षीसारखी भरून बांधलेली, घुमट (मडक्याचं चर्मवाद्य), शामेळ (ढोलकं), कासाळें (झांजा) सगळं जाग्यावर. थोरले काका तेवढे नव्हते. ते फाल्गुनात गेले. माझ्या आठवणीत आरतीला पुढे म्हणणारे तेच.

गणपतीची आरती सगळ्यांना येते, ती झाली. मग शंकराची. पहिलं कडवं जोरात, दुसऱ्याला आवाज अर्धा, तिसऱ्याला घुमट वाजत राहिलं आणि वर शब्दच नव्हते. खिशांतून फोन निघाले. एकाच्या फोनवर कडव्यांचा क्रम वेगळा, दुसऱ्याचं पान उघडेना. धाकट्या वहिनीने छापील पुस्तिका आणून दिली तर निरांजनाच्या उजेडात अक्षर दिसेना. घुमट वाजवणाऱ्या चुलतभावाने लय उतरवली, आणि आम्ही सगळे माना खाली घालून, एकमेकांच्या मागेपुढे वाचत राहिलो. देवाकडे कोणाचं लक्ष नव्हतं. एकमेकांकडेही नव्हतं.

काका म्हणायचे तेव्हा आमच्याकडे बघत म्हणायचे. कोण दमलं, कोणाचं पोर पेंगतंय, कोणाचा सूर आज चांगला लागलाय, ते बघून पुढचं कडवं उचलायचं की धृपद परत घ्यायचं ते ठरवायचे. हे मला त्यांच्या हयातीत कधी जाणवलं नाही.

आरत्यांनंतर आमच्या देवीचं एक पद असतं. ते यंदा झालंच नाही. कुठल्याही पुस्तिकेत नाही, काकांच्या तोंडात होतं. गेल्या वर्षीचा व्हिडिओ आहे, पण घुमटाखाली शब्द बुडालेत.

दुसऱ्या दिवशी माझ्या पुतणीला (वय ११) म्हटलं, आपण आरत्या पाठ करू या. ती म्हणाली, "आत्या, फोनवर आहे ना सगळं? मग पाठ कशाला?" खोडसाळपणे नव्हे, खरंच विचारलं तिने. मला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून इथे विचारते. पाठ असण्याचा, आणि ते मोठ्याने म्हणण्याचा, नेमका उपयोग काय? अर्थ कळत नसेल तर त्याला काही अर्थ आहे का?

घुमट_नाद

ताई, काकांना नमस्कार. मी डिचोलीचा, तेवीस वर्षं आरतीला घुमट वाजवतोय. तुमची आरती का अडली ते वाजवणाऱ्याच्या बाजूने सांगतो.

आमची आरती सावकाश सुरू होते आणि कडव्यागणिक चढत जाते. वाजवणारा हात मोजून वाजवत नाही, पुढे म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे बघून वाजवतो. त्याने ओळीचं शेवटचं अक्षर कसं सोडलं, किती लांबवलं, श्वास कुठे घेतला, त्यावरून आम्हाला कळतं की आता चढायचं की धरून ठेवायचं. पाठ म्हणणाऱ्याच्या तोंडात एक ओळ संपतानाच पुढची तयार असते. वाचणाऱ्याला ती शोधावी लागते. तेवढ्यात पाव श्वासाची फट पडते. दहा जण वाचत असतील तर दहा वेगवेगळ्या जागी फटी. लय तिथेच फुटते. पुस्तिका कितीही स्वच्छ छापलेली असो, हे होणारच.

घोरपडीच्या कातड्याचं घुमट आता कायद्याने वाजवता येत नाही, बकरीचं कातडं लावतात, आणि २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं. वाद्याची काळजी घेतली गेली याचा मला मनापासून आनंद आहे. त्यावर जे म्हणायचं त्याचीही तशीच काळजी घ्यायला हवी.

पदाबद्दल: व्हिडिओ अर्ध्या वेगाने, कानात लावून ऐका. सगळे शब्द शोधू नका. आधी फक्त ओळींची टोकं लिहून काढा, यमक सापडलं की मधलं सापडतं. आणि गावातली ऐंशीच्या पुढची एखादी बाई गाठा. पुरुष म्हणतात, पण ओसरीच्या आत बसून ऐकणाऱ्या बायांना जास्त पाठ असतं, हा माझा अनुभव.

फळ्याजवळ

मी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. "पाठ करू नका, समजून घ्या" हे वाक्य आम्ही शिक्षकांनीच घरोघर पोचवलं, तेव्हा उत्तरही आम्हीच द्यायला हवं.

घोकंपट्टी आणि पाठांतर या दोन गोष्टी आहेत. घोकताना मूल पुस्तकात बघून तीच ओळ वीस वेळा म्हणतं. पाठ म्हणताना पुस्तक मिटलेलं असतं आणि ओळ आतून वर काढावी लागते. शिकणं घडतं ते या वर काढण्यात. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला, काहींना एकदा वाचून आठवून लिहायला लावलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे. माझ्या वर्गात हे रोज दिसतं. जे मूल काल अडखळत, थांबत, कपाळाला आठ्या घालून कविता म्हणालं, त्याच्या ती महिन्यानेही लक्षात असते.

मोठ्याने म्हणण्याचंही तसंच. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या मॅक्लाउड यांनी २०१० मध्ये दाखवलं की यादीतले काही शब्द मनात आणि काही मोठ्याने वाचले, तर मोठ्याने वाचलेले जास्त लक्षात राहतात. तोंडाने उच्चारलं, कानाने ऐकलं, आणि 'हे मी म्हटलं' ही खूण राहिली. आपल्या आज्या हेच वेगळ्या शब्दांत सांगायच्या. माझी आजी म्हणायची, "पयलीं तोंडांत बसूं दी, अर्थ मागीर सांगतां." आणि ती खरंच मागीर (नंतर) सांगायची, हे महत्त्वाचं. नुसतं तोंडात बसवून सोडून द्यायची नाही.

अर्थाशिवाय पाठ केलं की काय होतं तेही रोज बघते. वर्गातली निम्मी मुलं गणपतीच्या आरतीत 'फणिवरबंधना'ला 'फळीवर वंदना' म्हणतात. त्यांच्या मनात गणपती फळीवर बसलेला असतो. एकदा सांगितलं की फणिवर म्हणजे नाग, गणपतीने पोटाला नाग बांधलाय, की डोळे मोठे होतात आणि मग कोणी चुकत नाही. पुतणीला पाठ करायला जरूर लावा. रोज एका शब्दाचा अर्थ मात्र द्या. एकच.

पाठशाळेतला

मी आठव्या वर्षी पाठशाळेत गेलो, बारा वर्षं राहिलो. आता देवळात पूजा सांगतो.

आमच्याकडे संथा असते. गुरुजी एकदा म्हणतात, आम्ही दोनदा. पोथी समोर नसते, निदान सुरुवातीला नसतेच. स्वर शिकवताना गुरुजी डोक्यावर हात ठेवून मान हलवतात: अनुदात्ताला खाली, स्वरिताला वर. ती हालचाल अंगात बसली की मग सोडून द्यायची.

बाहेरच्यांना वाटतं की ही निव्वळ पुनरावृत्ती. तसं नाही. एका ओळीतल्या शब्दांना १, २, ३, ४ म्हणा. पदपाठात ते सुटे म्हणायचे. क्रमात १२, २३, ३४. जटेत १२ २१ १२, मग २३ ३२ २३. घनात १२ २१ १२३ ३२१ १२३, आणि असंच पुढे. शब्द उलटा म्हणायचा तर संधी बदलतो, स्वर बदलतो. झोपेत म्हणता येत नाही. आणि एखादं अक्षर चुकलं तर ते इतक्या वेगवेगळ्या जोड्यांत येतं की कुठेतरी अडतंच. लिहिलेल्या पोथीत नकलणाऱ्याची चूक पुढच्या सगळ्या प्रतींत जाते. इथे चूक दुसऱ्या ओळीतच पकडली जाते. युनेस्कोने २००३ मध्ये या पठणपरंपरेला मानवजातीचा वारसा म्हटलं, त्यामागे ही रचना आहे.

आता अर्थाबद्दल, कारण हा प्रश्न मलाही सोडत नाही. 'पाणिनीय शिक्षा' या उच्चारशास्त्राच्या ग्रंथात वाईट पाठकाचे सहा प्रकार सांगितलेत: गाऊन म्हणणारा, घाईने म्हणणारा, डोकं हलवणारा, लिहिलेलं बघून वाचणारा, अर्थ न जाणणारा, आणि दबक्या आवाजाचा. बघून वाचणारा आणि अर्थ न जाणणारा दोघेही एकाच यादीत आहेत. यास्कांच्या निरुक्तात (वेदातल्या शब्दांचा अर्थ सांगणाऱ्या ग्रंथात) तर अर्थ न कळता वेद म्हणणाऱ्याला ओझं वाहणारा खांब म्हटलंय. म्हणजे 'पाठ करा, अर्थाचं नंतर बघू' ही परंपरा आहे असं जे सांगतात, त्यांना परंपरेनेच आधी टोकलेलं आहे. मी स्वतः बारा वर्षांत म्हटलं खूप आणि अर्थ शिकलो थोडा. आता चाळिशीत निरुक्त घेऊन बसतो. बसल्यावर एक कळलं: पाठ असलेल्याचा अर्थ कळतो तो सगळा एकदम. एका सूक्तातला शब्द समजला की दुसऱ्या चार ठिकाणचा तोच शब्द आपोआप उजळतो, कारण ती चार ठिकाणं तोंडात आहेत. पोथी उघडून शोधणाऱ्याला हे होत नाही.

जुवारी_काठ

पाठशाळेतला, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. वेदपाठींच्या मेंदूचा अभ्यास झालाय, हेही नोंदवतो. २०१६ मध्ये जेम्स हार्टझेल आणि सहकाऱ्यांनी २१ व्यावसायिक वेदपाठींचे स्कॅन इतरांशी ताडून बघितले. स्मृतीशी संबंधित काही भागांत करडं द्रव्य जास्त आढळलं. व्हॉट्सॅपवर याचं 'मंत्र म्हणा, बुद्धी वाढवा' असं करून फिरवतात, ते मला पटत नाही. ही माणसं लहानपणापासून वर्षानुवर्षं, रोज तासन्‌तास म्हणत आलेली. त्यावरून आपल्या मुलाने रोज रामरक्षा म्हटली तर काय होईल ते सांगता येत नाही. रामरक्षा म्हणायला इतर कारणं पुरेशी आहेत.

मला दुसरा अभ्यास जास्त जवळचा वाटतो. आमचं घर मडगावकडे, शेजार ख्रिस्ती. संध्याकाळी सातला आमच्याकडे शुभंकरोती आणि भिंतीपलीकडे तेर्स (जपमाळेवरची ख्रिस्ती प्रार्थना). लहानपणी दोन्ही एकाच वेळी ऐकलंय. पुढे कधीतरी २००१ सालच्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमधला लुचानो बेर्नार्दी यांचा लेख हाती आला. २३ माणसांना लॅटिनमधून तेर्सातली 'आवे मारिया' म्हणायला लावली आणि बौद्ध मंत्रही म्हणायला लावला. दोन्हींत श्वासाचा वेग मिनिटाला सुमारे सहावर आला आणि हृदयाची व रक्तदाबाची लय त्याच्याशी जुळली. ओळीची लांबीच अशी की श्वास तेवढा लांब होतो. भिंतीच्या दोन्ही बाजूंना आम्ही एकाच चालीने श्वास घेत होतो, हे वाचून डोळे भरून आले होते माझे.

आणि इथे साष्टीतल्या राशोल गावाचा उल्लेख व्हायला हवा. १६१६ मध्ये तिथे फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, रोमन लिपीत, पण मराठी ओवीत, दहा हजारांहून अधिक ओव्या. त्या इंग्रज माणसाने ओवी निवडली, कारण इथल्या लोकांना पुराण कानाने ऐकायची आणि तोंडाने धरायची सवय होती. ते चर्चमध्ये म्हटलं जायचं.

अडखळ

सगळे चांगलं लिहिताय. पण दुसरी बाजू कोणीतरी मांडायला हवी.

मी लहानपणापासून बोलताना अडखळतो. शाळेत दर शनिवारी पाढे आणि कविता एकेकाला उभं करून म्हणून घेत. मला सगळं पाठ असायचं. शब्द तोंडातून निघायचा नाही. न येणारे आणि मी, आम्हाला एकच छडी. चौथीत असताना शुक्रवारी रात्री मला ताप यायचा, आई म्हणायची शाळेची दृष्ट लागते. अजूनही कुठे 'म्हणून दाखव' असं ऐकलं की तळहात ओले होतात. म्हणून पाठांतराचं कौतुक वाचताना माझ्या पोटात गोळा येतो, हे प्रामाणिकपणे सांगतो.

आता जे सांगणार ते मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं. आरतीला मी अडखळत नाही. कधीच नाही. भजनातही नाही. श्रावणात वास्कोच्या दामोदर सप्ताहात चोवीस तास अखंड भजन चालतं, तिथे मी सलग चार तास उभा राहून म्हटलंय, एक शब्द अडला नाही. पुढे एका वाचा-उपचारतज्ज्ञांनी सांगितलं की हे माहीत असलेलं आहे. बरेच अडखळणारे लोक इतरांबरोबर एका लयीत म्हणताना किंवा गाताना मोकळे होतात.

म्हणून मुलांना पाठ करायला लावाल तेव्हा त्यांच्यासोबत म्हणा. उभं करून ऐकू नका.

फळ्याजवळ

@अडखळ, उद्या सकाळी वर्गात पहिलं काम हेच करणार. माझ्याही वर्गात एक मुलगा आहे. मी त्याला 'येत नाही' मध्ये धरत होते. तुम्ही लिहिलंत म्हणून मला कळलं.

तिंटो

बाबांना (वय ८१) हा धागा वाचून दाखवला. ते सांगतात तसं टंकते.

"आमच्या लहानपणी सरकारी शाळा पोर्तुगीज. मराठी शिकायचं ते देवळाच्या अग्रशाळेत, नाहीतर घरी येणाऱ्या मास्तरांकडे. दिवेलागणीला परवचा. हातपाय धुवायचे, देवाला नमस्कार, ओटीवर ओळीने बसायचं. शुभंकरोती, मग मनाचे श्लोक, मग पाढे. पाढे तीसपर्यंत, त्यानंतर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आज कोणाला वाटेल साडेतीनचा पाढा कशाला. अहो, आमच्या रुपयाचे भाग सोळा. १९५८ साली एस्कुद हे नवं पोर्तुगीज चलन आलं, एका रुपयाला सहा एस्कुद, तेव्हा बाजारात लोक गोंधळले. आमच्या वडिलांचं दुकान होतं, ते गोंधळले नाहीत. तोंडी दिडकी, सवायकी असणाऱ्याला नवा हिशेब बसायला चार दिवस लागले.

मनाचे श्लोक भुजंगप्रयातात, २०५ आहेत. मला अजून येतात. रात्री झोप लागत नाही तेव्हा मी म्हणतो. अर्थ विचारशील तर काही श्लोकांचा मला साठीनंतर कळला. त्या वयात कळायचाच नव्हता. पण श्लोक आधीपासून घरात होता, म्हणून अर्थ आला तेव्हा त्याला बसायला जागा मिळाली."

बाबा म्हणतात ताईंच्या पुतणीला सांगा, फोन हरवतो.

पौषातली_रात

मी सत्तरीची. इथे वेद आले, पाढे आले, मनाचे श्लोक आले. माझ्या आजीला यातलं काहीच कोणी शिकवलं नाही. तिला सहीही येत नव्हती.

पौषात आमच्या मांडावर (गावच्या ठरलेल्या पवित्र जागेवर) धालो, म्हणजे बायांची नाचगाणी. बाया दोन रांगा करतात, समोरासमोर, एकमेकींच्या कमरेला हात. एक रांग ओळ म्हणत पुढे वाकते, दुसरी तीच ओळ घेऊन उत्तर देते. रात्रभर. पाच रात्री, कुठे सात, कुठे नऊ. आजीला किती गीतं येत होती ते आम्ही मोजायला गेलो आणि सोडून दिलं. सीता, पांडव, रानातली झाडं, माहेरची वाट, सगळं त्यात. अर्धी कोंकणी, अर्धी मराठी, कुठे एक संपते आणि दुसरी सुरू होते कळत नाही.

एक गोष्ट सांगते, ताईंना उपयोगी पडेल. कॉलेजात असताना मी वही घेऊन आजीसमोर बसले आणि म्हटलं, अमुक गीत सांग. तिला दोन ओळींपुढे काही आठवेना. ती रडवेली झाली, मला विसरायला झालं म्हणाली. पौषात तीच बाई मांडावर उभी राहिली, हात कमरेला लागले, समोरच्या रांगेने पहिली ओळ टाकली, आणि पहाटेपर्यंत तिचं तोंड थांबलं नाही. तिच्या डोक्यात गीत नव्हतं असं नाही. ते गीत त्या वाकण्यात होतं, समोरच्या रांगेत होतं. ओटीवर बसवून विचारलं तर येणार कसं?

पाठशाळेतला

@पौषातली_रात, पहिल्या परिच्छेदाबद्दल: खरं आहे. आमच्या पाठशाळेत एकही मुलगी नव्हती, आणि बहुजन घरातला मुलगाही नव्हता. आम्हाला जे मिळालं ते बाकीच्यांना नाकारून मिळालं. तुमच्या आजीला जे येत होतं ते दहा वर्षं शिकायलाही मी तयार झालो असतो.

काल्यातला

पेडण्याकडचा, दशावतारी काला करणारा. थोडक्यात लिहितो, जत्रेच्या तयारीत आहे.

आमच्याकडे संहिता नसते. पदं पाठ, गणपती-सरस्वतीचा आडदशावतार (सुरुवातीचा भाग) पाठ, युद्धाची चाल पाठ. संवाद रंगावर उभा राहून तिथल्या तिथे. लोक विचारतात एवढं आयत्या वेळी सुचतं कसं. पाठ असलेलं भरपूर आहे म्हणून सुचतं. ज्याला पदं कमी येतात त्याचे संवादही तोकडे. उत्सवी नाटकांत विंगेत प्रॉम्प्टर असतो. त्याच्याकडे कान लागलेला नट समोरच्या नटाचं ऐकत नाही, हे प्रेक्षकालाही कळतं. ताईंच्या घरच्या आरतीला फोन हाच प्रॉम्प्टर झाला असं म्हणतो मी.

आबोली_बोरी

बोरीची आहे म्हणून आमच्या बाकीबाबांचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. बा. भ. बोरकर आपल्या कविता गाऊन म्हणायचे. माझ्या वडिलांनी त्यांना ऐकलं होतं. ते सांगायचे की नंतर पुस्तकात तीच कविता वाचताना त्यांना कवीचा श्वासच ऐकू यायचा. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनीही बोरकरांच्या कविता लोकांसमोर म्हटल्या. आरत्या, मंत्र यांच्या बाहेरही पाठ म्हणणं असतं, एवढंच सांगायचं होतं. कविता पाठ असणारी माणसं गाडी चालवताना, भात निवडताना, दवाखान्याच्या रांगेत कविता म्हणतात. माझी तरी तशीच सवय.

सुरंगी

इतकं सगळं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना एकत्र उत्तर देते, आणि काय झालं तेही सांगते.

पुतणीला मी तिंटोच्या बाबांचं 'फोन हरवतो' सांगितलं. ती म्हणाली, क्लाउडवर असतं. मग वाद सोडला आणि अडखळ यांनी लिहिल्याप्रमाणे तिच्यासोबत म्हणायला बसले. रोज संध्याकाळी एक कडवं, दोघी मिळून, आणि एका शब्दाचा अर्थ. तिसऱ्या दिवशी तिने 'कुर्वंडी' म्हणजे काय विचारलं. ती 'ओवाळू आरत्या सुरवंट्या येती' म्हणत होती, आणि इतकी वर्षं मीही जवळपास तसंच. तिला सांगितलं, जीव ओवाळून टाकायचा ती कुरवंडी. त्यावर ती बराच वेळ गप्प होती. रात्री तिने तिच्या आईला स्वतःहून ते सांगितलं.

आता पद. व्हिडिओतून घुमट_नाद यांच्या सांगण्याप्रमाणे ओळींची टोकं काढली, अकरा सापडली. मग पौषातली_रात यांचं वाचलं होतं म्हणून डिचोलीच्या थोरल्या आत्याकडे वही न घेता गेले. चुलतभाऊ घुमट घेऊन आला. आत्या ८३ वर्षांची, काकांची मोठी बहीण. नुसतं विचारलं तर तिला पहिल्या दोन ओळी आल्या, तिसरीला थांबली आणि म्हणाली, माझं काही राहिलं नाही. भावाने काही न बोलता घुमट मांडीवर घेतलं आणि काकांच्या लयीत वाजवायला लागला. आत्याने डोळे वर केले. पहिल्यापासून सुरू केलं, आणि सहा कडवी, एका दमात. मधेच विचारायला गेले तर हाताने गप्प केलं. मधून सुरू करता येत नाही तिला. चुकलं की परत पहिल्यापासून.

दोन अडचणी आहेत. व्हिडिओत चौथ्या कडव्यात काका एक शब्द म्हणतात आणि आत्या दुसरा. कोणता बरोबर? आणि आत्या म्हणते, पद सात कडव्यांचं होतं. देवीची पालखी तळीवर जाते त्याचं एक कडवं होतं, ते तिला येत नाही. लग्न होऊन गेल्यावर ते वडिलांनी म्हटलेलं तिने ऐकलं नाही.

पाठशाळेतला

वेद असता तर दोघांपैकी एक चूक असं म्हटलं असतं आणि गुरुजींनी निकाल दिला असता. पद आहे. दोन्ही लिहून ठेवा, कोणी म्हटलेलं तेही लिहा. आरतीला तुमच्या घरात जो पुढे असेल त्याचा शब्द.

घुमट_नाद

सहमत. तो शब्द आत्यांच्या पिढीचा जुना असेल आणि काकांनी लयीसाठी बदलला असेल, किंवा उलटही. दोन्ही म्हणून बघा, घुमटावर कुठला सुखाने बसतो ते भाऊ सांगेल.

माडाची_सावली

इथे पहिल्यांदाच लिहितेय. मी काणकोणची. आमच्या घराण्याची कुलदेवी तुमच्याच गावची, आजीचं माहेरही त्याच गावचं. धागा वाचून आजीला विचारलं, पालखी तळीवर जाते असं काही येतं का. तिने लगेच मान हलवली. मी फोन रेकॉर्डिंगला लावला तर तोंड मिटून बसली. म्हणाली, "फोनार न्हय. तिकां सांग, येवन बस. सुरवातीपासून म्हणूंक जाय."

सुरंगी

येते. येत्या रविवारी सकाळी. भाऊ घुमट घेऊन येतोय, पुतणीही येते म्हणतेय. आत्याला प्रवास झेपला तर तिलाही आणते. आजींना विचाराल का, त्यांना कासाळें लागतील की नुसत्या घुमटावर चालेल?

माडाची_सावली

विचारलं. नुसत्या घुमटावर चालेल म्हणते. पण तुमच्या आत्यांना आणाच. दुसरी कोणी म्हणणारी हवी तिला.